पायाखालच्या पाण्याची वही

जुलै उजाडला की छत्रपती संभाजीनगरात एकच प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडी असतो: "नाथसागर किती भरला?" चहाच्या टपरीवर, एसटीत, कचेरीत कुणालाही विचारा, उत्तर टक्क्यांत मिळते. नाशिककडून किती क्युसेक पाणी निघाले आहे, हेही अनेकांना पाठ असते. पैठणच्या या धरणाची पातळी वर्तमानपत्रात छापून येते, शाळकरी मुलांनाही ती ठाऊक असते. शंभर टीएमसीहून मोठ्या या जलाशयावर शहराची तहान आणि औद्योगिक वसाहती अवलंबून आहेत, तेव्हा ही काळजी रास्तच आहे.

आता कन्नड, सिल्लोड, खुलताबाद किंवा फुलंब्रीच्या माळावर, जिथे नाथसागराचा कालवा कधी पोहोचणार नाही, अशा शेतात जा आणि विचारा, "आज तुमच्या विहिरीत पाणी किती?" उत्तर येईल, "बरं आहे." "तळाला गेलंय." "अर्धा तास मोटार चालते, मग दम टाकते." या उत्तरांत अनुभव आहे, काळजी आहे, पण आकडा नाही. या गावांचे पिणे, जनावरे, कापूस, आले, मोसंबीची बाग सारे ज्या पाण्यावर उभे आहे, ते पाणी आपण अंदाजाने वापरतो. त्या अंदाजाच्या जागी आकडा यावा, एवढ्याच हेतूने ही पुस्तिका लिहिली गेली आहे. आपल्या विहिरीची आणि बोअरची पातळी कशी मोजावी, ती कशी लिहून ठेवावी आणि लिहिलेल्या आकड्यावरून पेरणीचा निर्णय कसा घ्यावा, हे तिचे तीन विषय. प्रस्तावनेत मला सांगायचे आहे ते इतकेच की हे काम छोटे दिसत असले तरी मराठवाड्यात त्याहून निकडीचे काम दुसरे नाही.

मोजण्याची ही सवय आपल्याला अगदी नवी नाही. घरोघरी आड होते तेव्हा पाणी शेंदणारी बाई रोज सकाळी भूजलाची पातळी मोजत असे. पोहरा टेकायला किती हात दोर सोडावा लागतो, हे तिच्या तळहातांना माहीत असे. चैत्रात दोराला जोड द्यावा लागला की घरात बोलणे होई, धुणे ओढ्यावर जाई, जनावरांचे पाणी वेगळे काढले जाई. विहिरीची खोली 'परस' या पुरुषभर उंचीच्या मापात सांगितली जाई आणि मोटेचा नाडा किती सोडायचा, यावरून हाकणाऱ्याला पाण्याची उतरण कळे. मग वीज आली, मोटार आली. बटण दाबले की पाणी येते किंवा येत नाही. पाणी हळूहळू खाली जात असल्याची मधली सगळी खबर, जी दोर देत होता, ती बटण देत नाही. कष्ट गेले, हे चांगलेच झाले. त्यांच्याबरोबर मोजणेही गेले, हे मात्र फार महाग पडले.

हे महाग का पडले, ते समजायला आपल्या पायाखालचा खडक समजला पाहिजे. त्यासाठी दूर जायला नको, वेरूळला जावे. कैलास लेण्याच्या प्रांगणात उभे राहून मूर्तींवरून नजर काढावी आणि कापलेल्या डोंगराकडे पाहावे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले, थंड झाले आणि त्यांचा बेसाल्ट झाला. लेणी कोरणाऱ्यांना हवा होता तो घट्ट, एकसंध काळा कातळ. पाण्याला हवा असतो नेमका उलटा खडक: झिजून मुरूम झालेला, भेगाळलेला किंवा लाव्हारसातल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे जाळीदार राहिलेला. पावसाळ्यात लेण्यांच्या भिंतींतून जिथे पाणी पाझरताना दिसते, तिथे एखादी भेग किंवा दोन थरांमधला सांधा असतो. मध्येच कुठे तांबड्या गेरूचा पट्टा असतो, तो पाण्याला सहसा खाली जाऊ देत नाही. आपल्या शेताखाली हेच आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळ खडक, मग काळा पाषाण, पुन्हा एखादा जाळीदार थर, पुन्हा पाषाण. जमिनीखाली नदी किंवा तळे असते, ही समजूत सोडली पाहिजे. तिथे भेगा आहेत आणि भेगांत पाणी आहे.

महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भूभाग या खडकाचा आहे. वाळूच्या किंवा गाळाच्या प्रदेशात जमीन जितके पाणी धरते, त्यापेक्षा कितीतरी कमी पाणी हा खडक धरतो. पाणीदार बेसाल्टातूनही आकारमानाच्या साधारण दोन टक्के पाणीच उपशाला मिळते, असे गणित करताना धरले जाते. हे दोन टक्के कागदावर उलगडून पाहू. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्याखालची पातळी एक मीटर उतरली, तर दोन टक्क्यांच्या हिशेबाने २०० घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर पाणी निघालेले असते. आता त्याच एका हेक्टरातल्या गव्हाला पाच सेंटिमीटरची एक पाळी द्यायची, तर पाणी लागते पाच लाख लिटर. म्हणजे एका पाळीला शेताखालची अडीच मीटर पातळी! गव्हाला पाच पाळ्या दिल्या, तर साडेबारा मीटर. यातले थोडे पाणी परत मुरते, हे धरले तरी गोष्ट उघड आहे. एका हेक्टराखालचे पाणी त्या एका हेक्टराला पुरत नाही. आपली विहीर शेजाऱ्याच्या शेताखालून पाणी ओढते, शेजाऱ्याची आपल्या शेताखालून. सातबारा वेगळा असला तरी भेग एकच असते.

या खडकाची दुसरी खोडही याच हिशेबात आहे. दोन टक्क्यांच्या खडकात वीस मिलिमीटर पाणी मुरले की पातळी एक मीटर चढते. म्हणून आपल्या विहिरी दोन चांगल्या पावसांत भरभर वर येतात आणि माणसाला वाटते, संकट सरले. मराठवाड्याची वार्षिक सरासरी सुमारे ६८० मिलिमीटर धरली जाते. त्यातले मुरते ते थोडेच; खडक, उतार आणि पावसाचा जोर पाहता साधारण दशांशाच्या आसपास. लवकर भरणारे भांडे लहान असते, हे आपण घरात जाणतो आणि विहिरीच्या काठावर विसरतो. २०१२, २०१४, २०१५, २०१८ आणि २०२३ या वर्षांनी ते पुन्हा पुन्हा शिकवले. २०१२-१३ मध्ये संभाजीनगर आणि जालना जिल्ह्यांत मोसंबीच्या वाढलेल्या बागा जळाल्या. वर्षानुवर्षे वाढवलेल्या झाडांवर कुऱ्हाड चालवताना शेतकऱ्याला काय वाटले असेल, ते ज्याने बाग लावली आहे त्यालाच कळेल. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या गाडीची छायाचित्रे देशभर गेली. तिच्या आधीच्या महिन्यांत पातळी कशी उतरत गेली, त्याचे छायाचित्र निघत नाही. ते वहीतच दिसते.

ज्या छत्रपती संभाजीनगरात मी हे लिहितो आहे, त्या शहराचा जन्मच भूजलाच्या जाणिवेतून झाला. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली आणि तिच्यासाठी नहर-ए-अंबरी खोदवली. शहराच्या उत्तरेला, हर्सूलच्या बाजूला जमिनीत पाझरणारे पाणी भुयारांत गोळा करून ते केवळ उताराच्या बळावर वस्तीत आणले गेले. बैल नाही, मोट नाही, इंधन नाही. या नहरींवर ठरावीक अंतराने वर उघडणारी तोंडे ठेवलेली आहेत. त्यांतून हवा खेळते, माणूस आत उतरू शकतो, गाळ काढता येतो आणि पाणी किती वाहते आहे हे डोळ्यांनी पाहता येते. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनी पाणी आणण्याइतकेच त्याच्यावर नजर ठेवणेही महत्त्वाचे मानले, आणि ती सोय बांधकामातच केली. वेरूळचे शिवालय तीर्थ असो की गावोगावच्या बारवा, त्यांच्या पायऱ्याही हेच काम करीत. किती पायऱ्या उघड्या पडल्या, हे जाता-येता प्रत्येकाला दिसे. पाण्याची पातळी सार्वजनिक होती.

बोअरने ही पातळी नजरेआड केली. त्याची सुरुवातही याच भागाशी जोडलेली आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस हवेच्या दाबावर चालून कठीण कातळ भेदणारी यंत्रे भारतात आली, युनिसेफने त्यांना हात दिला आणि १९७२ च्या दुष्काळात ती गावोगाव पोहोचली. भोक पाडणे जमले, पण पाणी वर आणणारे हातपंप टिकत नव्हते. ओतीव लोखंडाचे पंप एका घरासाठी बनवलेले. अख्ख्या गावाने दिवसभर हापसले की मोडत. तेव्हा जालन्यातल्या ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी पोलादी, मजबूत पंप घडवला. तोच 'जालना पंप'. जालना त्या वेळी याच जिल्ह्याचा भाग होते. वेगळा जिल्हा झाला तो १९८१ मध्ये. त्या पंपावरून पुढे सोलापूर पंप आला आणि त्यातून युनिसेफच्या साहाय्याने 'इंडिया मार्क टू' हा हातपंप तयार झाला, जो आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत गेला. मराठवाड्याच्या तहानेतून निघालेल्या या यंत्राचा आपल्याला अभिमान वाटावा. हातपंपाचा उपसा माणसाच्या दमाएवढाच असतो. त्याने कुठलाही खडक कोरडा केला नाही.

कोरडेपणा आला तो त्याच भोकात विजेची मोटार उतरली तेव्हापासून. विहीर आणि बोअर यांतला फरक आकड्यांत पाहण्यासारखा आहे. आठ मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाण्याचा थर म्हणजे सुमारे पन्नास हजार लिटर. साडेसहा इंची बोअरमध्ये तोच एक मीटर म्हणजे जेमतेम एकवीस लिटर. शंभर मीटर पाण्याने भरलेल्या बोअरच्या पोटातही दोन हजार लिटरच असतात. विहीर पाणी साठवते, बोअर फक्त पाण्यापर्यंत पोहोचतो. भेगेतून जेवढे येईल तेवढेच त्याचे. म्हणून 'पाचशे फूट खाली गेलो' म्हणजे पाचशे फूट पाणी मिळाले, असे नव्हे. खोलवर वरच्या दगडांच्या भाराने भेगा सहसा मिटत आणि विरळ होत जातात. वरच्या थराला पाऊस वर्षात भेटतो, खालच्या भेगेला पाणी पोहोचायला किती वर्षे लागतील हे सांगता येत नाही. त्यात बोअरला केसिंग घालतात ते मुरूम ढासळू नये एवढ्यापुरते, कठीण खडक लागेपर्यंत. त्याखाली भोक उघडेच असते. रात्रीच्या शांततेत अशा बोअरला कान लावला, तर वरच्या भेगेतले पाणी खाली पडताना ऐकू येते. तो आवाज शेजारच्या विहिरीचा आहे. वरच्या थराचे पाणी खालच्या रिकाम्या थरात ओतले जात असते आणि पिढ्यानपिढ्या न आटलेली विहीर चार उन्हाळ्यांत का आटली, हे कुणाला उमगत नाही.

बोअरच्या स्थितीची नोंद का हवी, हे मी घरच्या अनुभवावरूनही सांगू शकतो. एका कडक उन्हाळ्यात आमच्या शेतात एकामागून एक तीन बोअर घेतले गेले. पाणाड्याने तळहातावर नारळ धरून जागा दाखवली होती. पहिले दोन कोरडे निघाले. तिसऱ्याला पाणी लागले तेव्हा रात्र झाली होती. आनंदाच्या भरात बोअरच्या गाडीवाल्याने सांगितलेली खोली आम्ही मान्य केली आणि त्या फुटांचे पैसे मोजले. आठवड्याने मोटार सोडायला गेलो, तर ती चाळीस फूट अलीकडेच टेकली. बोअर ढासळला होता की तेवढा खोल गेलाच नव्हता, हे आजवर कळलेले नाही. गाडी उभी असतानाच वजन बांधून दोर सोडला असता, तर पाच मिनिटांत कळले असते. पाणी कितव्या फुटावर लागले, हेही कुणी लिहिले नाही. त्यामुळे मोटार कुठे टांगावी, हे पुढची चार वर्षे अंदाजानेच ठरत राहिले. आमच्या कर्जाच्या नोंदी आजही कागदावर आहेत, पण ज्यासाठी कर्ज काढले त्या बोअरची एक ओळही कुठे नाही.

म्हणून या पुस्तिकेत पातळीच्या आधी बोअरच्या जन्मपत्रिकेचे प्रकरण आहे. बोअर घेतल्याची तारीख, गट क्रमांक, एकूण खोली, केसिंग किती फूट, भुकटीचा रंग कुठे बदलला, गेरू कुठे आला, पाणी पहिल्यांदा आणि नंतर कितव्या फुटावर लागले, किती इंची लागले, मोटार किती फुटांवर सोडली. नऊ-दहा ओळींचा हा तपशील गाडी शेतात उभी असतानाच मिळतो, नंतर कितीही पैसे दिले तरी मिळत नाही. गावातल्या पन्नास बोअरचे असे कागद एकत्र ठेवले, तर गावाखालच्या खडकाचा नकाशा आपोआप तयार होतो. एक्कावन्नावा बोअर घेणाऱ्याला तो नारळापेक्षा भरवशाचा सल्ला देईल. निकामी बोअरची नोंदही तितकीच आवश्यक आहे. उघड्या बोअरमध्ये लहान मुले पडून दगावल्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये असे बोअर बंद करण्याविषयी स्पष्ट निर्देश दिले. कोरडा निघालेला बोअर त्याच दिवशी झाकणे किंवा बुजवणे, हे त्या कागदावरचे शेवटचे कलम आहे आणि त्यात सवलत नाही.

पातळी मोजणे त्यामानाने सोपे आहे, पण चुका करायलाही सोपे आहे. दोराच्या किंवा टेपच्या टोकाला वजन बांधून ते पाण्याला टेकेपर्यंत सोडायचे. पातळीमापक असेल तर टोक पाण्याला लागताच तो आवाज करतो. कठड्यापासून मोजले असेल, तर कठड्याची उंची वजा करायची, कारण आपल्याला अंतर हवे ते जमिनीपासूनचे. मोजण्याची खूण दरवेळी तीच हवी. रंगाने ती कायमची करून ठेवावी. सर्वांत मोठी चूक होते ती मोटार नुकतीच बंद केलेली असताना मोजण्याची. तेव्हा मिळतो तो आकडा उपशाचा असतो. आपल्याकडे शेतीला वीज अनेकदा रात्रीची. रात्रभर मोटार चालते आणि सकाळी माणूस उत्साहाने टेप घेऊन जातो. म्हणून मोटार शेवटची केव्हा बंद झाली, हे आकड्याशेजारी लिहिलेच पाहिजे, आणि शक्य तर चारदोन विहिरी अशा निवडाव्यात ज्यांवर फारसा उपसा नाही. बोअरमध्ये पाइप आणि केबलची अडचण असते. मोटार सोडतानाच शेजारून एक बारीक नळी सोडून ठेवली, तर टेप अडकत नाही. एवढी काळजी घेतली की दहावीची मुलगीसुद्धा हे काम शास्त्रज्ञाइतक्या अचूकपणे करू शकते.

शासनाच्या पातळीवर हे काम अर्धशतक चालू आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ मध्येच, त्या दुष्काळाच्या वर्षात स्थापन झाली. तिच्या सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरी राज्यभर आहेत आणि जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर अशा चार वेळा त्यांची पातळी घेतली जाते. ऑक्टोबरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून येत्या उन्हाळ्यात कुठे टंचाई पडेल, याचा अंदाज बांधला जातो. नव्वदच्या दशकात जलविज्ञान प्रकल्पातून स्वयंचलित पातळीनोंदणी यंत्रेही आली. अवकाशातूनही आता पाण्यावर नजर आहे. २००२ मध्ये सोडलेल्या 'ग्रेस' उपग्रहांच्या जोडीने पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातले सूक्ष्म फरक टिपून वायव्य भारतातले भूजल कसे घटते आहे, ते जगाला दाखवले. पण त्या उपग्रहांना एक राज्य दिसते, गाव दिसत नाही. निरीक्षण विहिरीला एक पाणलोट दिसतो, गल्लीपलीकडची विहीर दिसत नाही. राज्यात चाळीस हजारांहून अधिक गावे आहेत. म्हणजे कायम निरीक्षण विहीर सरासरी दहा गावांमागे एक. बेसाल्टात तर दोन शेतांच्या अंतरावर पाण्याचा स्वभाव बदलतो. जलसुरक्षकांच्या मदतीने गावागावांत मोजणी नेण्याचे प्रयत्न यंत्रणेनेही केले. हे काम तिथे पोहोचलेच पाहिजे, आणि पोहोचल्यावर टिकलेच पाहिजे.

आकडा हाती आला की करायचे काय, याचे उत्तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने दर पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत घातली. पाऊस किती पडला, विहिरींची पातळी किती, पिण्याला आणि जनावरांना किती लागेल, उरते ते किती, हे ग्रामसभेत वाचायचे आणि मग रब्बीत काय पेरायचे ते ठरवायचे. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, उसासारखी पिके घ्यायची नाहीत, हे निर्बंध गावाने स्वतः पाळले. नालाबांध, चर, झाडे अनेक गावांत झाली. ती टिकून फळाला आली ती बहुतेक तिथेच, जिथे अडवलेले पाणी मोजले आणि मोजलेले वाटून घेतले. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेनेही पाण्याचा अंदाजपत्रक-फलक गावाच्या चौकात लावण्यावर भर दिला. महाराष्ट्रातल्या तेरा जिल्ह्यांत ती आली. त्यांत मराठवाड्यातले जालना, लातूर आणि धाराशिव होते, संभाजीनगर नव्हते. ज्या गावाचे नाव योजनेत नाही, त्या गावाने टेप आणि वही विकत घ्यायला कुणाची वाट पाहायची?

कायदाही आहे. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर निर्बंध घातले. २००९ चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २०१४ पासून लागू झाला. शेती व उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर त्यात बंधन आहे, विहिरींच्या आणि बोअरच्या गाड्यांच्या नोंदणीची तरतूद आहे. ६० मीटर म्हणजे सुमारे दोनशे फूट. आपल्या शिवारात आज किती फुटांच्या गप्पा चालतात, हे वाचकाला सांगायला नको. ज्याची खोली कुणी मोजत नाही, त्याची मर्यादा कुणी पाळत नाही. कायद्याला कागदाबाहेर काढायचे असेल, तर तिथेही आधी मोजणीच लागते.

शेतकऱ्यांच्या मनात एक भीती असते आणि तिला बाजूला सारून हे काम होणार नाही. "आज पातळी लिहून घेतील, उद्या पाणीपट्टी लावतील, परवा विहीर ताब्यात घेतील." टंचाईत विहिरी अधिग्रहित होताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांची ही भीती पोकळ म्हणता येत नाही. माझे उत्तर एवढेच की वही गावाची असावी, गावात राहावी आणि तिच्यातला आकडा सर्वांचा एकदमच उघड व्हावा. एकट्याची विहीर उघडी पडली तर ती चौकशी वाटते, सगळ्यांच्या विहिरी एका फलकावर आल्या तर तो शेजारधर्म होतो. मोजणीला बसणाऱ्यांत बायका असल्याच पाहिजेत. विहीर आटल्यावर हंडा घेऊन टँकरच्या रांगेत ज्यांना उभे राहावे लागते, त्यांच्याइतकी या आकड्याची किंमत दुसऱ्या कुणाला कळणार? पाण्याची प्रतही त्यांनीच आधी ओळखलेली असते: डाळ शिजत नाही, चहा फाटतो, भांड्यावर पांढरे डाग बसतात. खोल बोअरचे पाणी स्वच्छ दिसते म्हणून शुद्ध असतेच असे नाही. क्षार, नायट्रेट, फ्लोराइड डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून पातळीच्या रकान्याशेजारी तपासणीचाही रकाना ठेवलेला आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, हा मानक आकडा प्रत्येक घराला पाठ असायला हवा.

ही पुस्तिका पाऊस पाडणार नाही. तिने एकही भेग रुंद होणार नाही. पण ऑक्टोबरमध्ये पातळी नेहमीपेक्षा तीन मीटर खाली आहे हे समजले, तर गव्हाऐवजी हरभरा पेरता येतो, बागेचे क्षेत्र आटोक्यात ठेवता येते, पिण्याची विहीर वेळेत राखून ठेवता येते, चौथ्या बोअरचे कर्ज टाळता येते. हीच गोष्ट एप्रिलमध्ये समजली, तर हातात उरतो तो टँकरच्या मागणीचा अर्ज. मे महिन्यातला आकडा बातमी होतो, ऑक्टोबरमधल्या आकड्यावर निर्णय घेता येतो.

म्हणून वाचकांना माझी एक विनंती आहे. ही पुस्तिका वाचून कपाटात ठेवू नका. सप्टेंबरच्या अखेरीस आपल्या गावातल्या दहा विहिरी आणि पाच बोअर निवडा. मोटारी एक दिवस बंद ठेवा, टेप सोडा, आकडे लिहा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ते मोठ्याने वाचा आणि चावडीच्या भिंतीवर रंगवा. २६ जानेवारीला पुन्हा मोजा, १ मेला पुन्हा. तीन वर्षांत त्या भिंतीवर तुमच्या गावाखालच्या पाण्याचा इतिहास उभा राहील आणि पुढच्या पिढीतल्या कुणालाही "विहिरीत किती पाणी आहे?" असे विचारले, तर तो "बरं आहे" म्हणणार नाही. शेवटच्या पानानंतर कोरे रकाने दिलेले आहेत. पहिला आकडा आज लिहा.